संशोधकांची बैठक : पीएच.डी. मार्गदर्शनाच्या एका विस्मृत पद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

‘सेमिनार’ या शब्दाला मराठीत ‘चर्चासत्र’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. महाविद्यालयात चर्चासत्र म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते दोन दिवसांचे राज्यस्तरीय अथवा राष्ट्रीय संमेलन : प्रवेशद्वारावरील फलक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, एकेका सत्रात वाचले जाणारे दहा-पंधरा निबंध, प्रत्येकास पाच-सात मिनिटे, अध्यक्षांची घंटी आणि अखेरीस प्रमाणपत्रांचे वाटप. या समारंभांची टिंगल करण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखकानेही अशी प्रमाणपत्रे फाइलमध्ये जपून ठेवली आहेत. तथापि ज्या जर्मन अध्ययनपद्धतीतून हा शब्द जगभर पोहोचला, तिच्याशी या समारंभाचे नाते फार दूरचे आहे. मूळचा सेमिनार म्हणजे एका शिक्षकाभोवती नियमाने जमणारे मोजके विद्यार्थी, मध्ये टेबल, टेबलावर मूळ साधनांचे ग्रंथ आणि त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याचे अपुरे लेखन. शब्द आपल्याकडे आला, टेबल मात्र वाटेतच राहिले.

आपल्याकडे पीएच.डी.चे मार्गदर्शन म्हणजे मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी या दोघांमधील व्यवहार, असा सार्वत्रिक समज आहे. गुरुशिष्यपरंपरेचा संस्कार या समजाला बळ देतो. विद्यार्थ्याने प्रकरण लिहावे, सरांना दाखवावे, सरांनी दुरुस्ती सुचवावी, विद्यार्थ्याने ती मान्य करावी. या रचनेत तिसरा माणूस नाही. इतिहासविषयक संशोधनपदवीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही पदवी ज्या विद्यापीठांत आकारास आली तेथे ती दोन माणसांच्या खोलीत नव्हे, तर समूहाच्या बैठकीत घडली. त्या बैठकीचे खरे सामर्थ्य शिक्षकाच्या विद्वत्तेपेक्षा एका साध्या सवलतीत होते : जे अजून पूर्ण झालेले नाही, कदाचित चुकीचे आहे, ते गुण देण्यासाठी न बसलेल्या माणसांपुढे मांडण्याची मुभा. प्रस्तुत लेखात या मुभेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बर्लिनमधील अभ्यासिका

या पद्धतीचे श्रेय सामान्यतः लिओपोल्ड फॉन रांके यांना दिले जाते. ते सर्वस्वी त्यांचे नाही. अठराव्या शतकातच जर्मनीत भाषाशास्त्राचे सेमिनार सुरू झाले होते. फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यांनी हाले येथे १७८७ मध्ये स्थापन केलेला सेमिनार विशेष प्रसिद्ध आहे. ग्रीक वा लॅटिन संहिता समोर ठेवून तिच्या एकेका शब्दाची छाननी करणे हे तेथील काम. रांके यांचे स्वतःचे शिक्षण लाइपझिग येथे याच भाषाशास्त्रीय शिस्तीत झाले होते. १८२५ मध्ये बर्लिन विद्यापीठात आल्यानंतर त्यांनी ही शिस्त मध्ययुगीन इतिहासाच्या साधनांना लावली. विद्यार्थ्यांना ते घरी, आपल्या अभ्यासिकेत बोलावीत. व्याख्याता म्हणून रांके प्रभावी नव्हते, असे त्यांच्या श्रोत्यांनी लिहून ठेवले आहे. अभ्यासिकेतील चित्र वेगळे होते. एखादी बखरवजा मध्ययुगीन हकीगत घ्यायची आणि विचारायचे : लिहिणारा कोण, त्याने हे केव्हा लिहिले, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, ऐकले असल्यास कोणाकडून?

१८३०च्या दशकात या अभ्यासिकेत गेओर्ग वाइट्झ, विल्हेल्म फॉन गीझेब्रेख्ट, हाइनरिश फॉन झिबेल असे विद्यार्थी एकत्र आले. पुढील अर्धशतकाच्या जर्मन इतिहासलेखनातील ही अग्रगण्य नावे होत. १८३४ मध्ये विद्यापीठाने राजा पहिला हाइनरिश याच्या कारकिर्दीवर पारितोषिकासाठी विषय जाहीर केला आणि ते पारितोषिक वाइट्झ यांनी मिळविले. त्यातून सॅक्सन घराण्यातील राजांच्या कारकिर्दींचा वर्षवार इतिहास सिद्ध करण्याची योजना निघाली. १८३७ पासून तिचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. एकेका राजाची कारकीर्द एकेका विद्यार्थ्याने घेतली होती.

या मालेतील एका प्रकरणाची नोंद येथे मुद्दाम करावीशी वाटते. ‘कोर्वाय’ मठाची म्हणून एक जुनी हकीगत त्या काळी विद्वानांत प्रमाण मानली जात होती. वाइट्झ आणि त्यांचे सहाध्यायी झिगफ्रीड हिर्श यांनी तिची चिकित्सा करून १८३९ मध्ये ती बनावट असल्याचे सिद्ध केले. वाइट्झ तेव्हा पंचविशीत होते. दोघा तरुणांनी मिळून प्रस्थापित साधन मोडीत काढावे आणि ते त्यांच्या शिक्षकाच्या मालेत छापले जावे, ही गोष्ट एकट्या विद्यार्थ्याच्या हातून होणे अवघड होते. संशय हा एकट्याने बाळगला तर भीती होते. चार जणांत मांडला तर त्याचे काम होते.

वाइट्झ १८४९ मध्ये ग्योटिंगेन येथे प्राध्यापक झाले आणि त्यांचा सेमिनार गुरूच्या सेमिनारपेक्षाही अधिक काटेकोर म्हणून ओळखला गेला. गाब्रिएल मोनो हे फ्रेंच इतिहासकार तेथे शिकले. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या उच्च अध्ययनाच्या व्यावहारिक विद्यालयात त्यांनी हीच पद्धत नेली.

बाल्टिमोरचे टेबल

अमेरिकेत ही पद्धत आणणाऱ्यांत हर्बर्ट बॅक्स्टर अ‍ॅडम्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८७६ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट घेऊन ते नव्यानेच उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, बाल्टिमोर येथे रुजू झाले. लांबलचक टेबल, भिंतींना लागून पुस्तकांची कपाटे आणि भिंतीवर फ्रीमन या इंग्रज इतिहासकाराचे, इतिहास म्हणजे भूतकाळाचे राजकारण अशा आशयाचे वचन, असे त्या दालनाचे वर्णन मिळते. अ‍ॅडम्स आपल्या सेमिनारला प्रयोगशाळा म्हणत. खनिजशास्त्राचे विद्यार्थी दगडाचा नमुना जसा हातोहात फिरवून तपासतात तसे येथे ग्रंथ तपासले जावेत, ही त्यांची कल्पना. १८८२ पासून त्यांनी विद्यार्थ्यांचे निबंध छापणारी माला सुरू केली. टेबलावर वाचलेले लेखन दुरुस्त होऊन छापखान्यात जाऊ लागले. वूड्रो विल्सन यांना १८८६ मध्ये आणि फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांना १८९० मध्ये याच विद्यापीठाने पीएच.डी. दिली.

टर्नर यांचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील स्थानिक संस्थांची बीजे प्राचीन जर्मन ग्रामसंस्थांत शोधावीत, असा अ‍ॅडम्स यांचा आग्रह होता. टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात नेमके याच्या उलट प्रतिपादन केले : अमेरिकेचा इतिहास जर्मन अरण्यात नव्हे, तर पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वसाहतीच्या सीमेवर शोधावा लागेल. गुरूच्या सिद्धांताला छेद देणारा हा निबंध अमेरिकी इतिहासलेखनातील सर्वाधिक चर्चिलेल्या निबंधांपैकी एक ठरला. अ‍ॅडम्स यांचा सिद्धांत आज कोणी वाचत नाही. त्यांचे टेबल मात्र टिकले, आणि त्या टेबलावर बसलेल्या विद्यार्थ्यानेच त्यांना खोडून काढले. आपल्याकडील किती मार्गदर्शकांना हे यश वाटेल, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

या टेबलाचे गुणगान करताना त्याभोवती कोण बसू शकत नव्हते हेही सांगितले पाहिजे. रांके यांची अभ्यासिका सर्वस्वी पुरुषांची होती. प्रशियातील विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९०८ मध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या पदव्युत्तर विभागाचे दार त्यांना १९०७ मध्ये उघडले. घरगुती अभ्यासिका, संध्याकाळची वेळ, तंबाखूचा धूर आणि आपापसांतील सलगी यांतून जी मोकळीक निर्माण होत होती, तीच इतरांना बाहेर ठेवीत होती. बैठक भरते ती कोठे आणि किती वाजता, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याकडे पुढे यावेच लागेल.

९ मे १९१६

या परंपरेचा महाराष्ट्राशी सर्वांत थेट आणि सर्वांत महत्त्वाचा संबंध न्यू यॉर्कमध्ये आला. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कोलंबियातील सामाजिक शास्त्रांची जडणघडण जर्मन वळणाची होती. त्यांचे मार्गदर्शक एडविन सेलिग्मन यांनी जर्मनीत अध्ययन केले होते. त्यांनी ज्यांची व्याख्याने ऐकली ते इतिहासाचे प्राध्यापक जेम्स हार्वी रॉबिन्सन यांची डॉक्टरेट फ्रायबुर्गची होती. मानवशास्त्र विभागाचे प्रमुख फ्रान्झ बोआस हे तर जन्माने आणि शिक्षणाने जर्मनच होते. बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी ‘भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला.

हा निबंध आपल्याकडे त्यातील सिद्धांतासाठी वाचला जातो आणि ते योग्यच आहे. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, मूळच्या बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेल्यामुळे स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल सांभाळण्याची समस्या उद्भवली, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा त्या समस्येतून आल्या, ही त्याची मांडणी आजही विचारास चालना देते. येथे मात्र त्याचे वाचन सेमिनारमधील निबंध म्हणून करावयाचे आहे. तसे पाहिले की त्याची बांधणी वेगळी दिसू लागते.

आरंभी ते श्रोत्यांना विषयाच्या अवघडपणाची कल्पना देतात. समोरचे श्रोते भारताविषयी फारसे जाणणारे नाहीत, हे गृहीत धरून ते संकल्पना उलगडून सांगतात. त्यानंतर सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीविषयक व्याख्या एकामागून एक टेबलावर ठेवतात. प्रत्येक व्याख्येत काय ग्राह्य आहे आणि ती कोठे अपुरी पडते, हे तपासतात. केतकरांचे ग्रंथकर्तृत्व ते आदराने नोंदवितात, कारण जातीचा विचार एकट्या जातीपुरता न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात करावा लागतो हे त्यांनी ओळखले होते. लगेचच ते दाखवून देतात की केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे म्हणून सांगितली, ती वस्तुतः एकाच लक्षणाच्या दोन बाजू आहेत. केतकरांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली होती. एका अमेरिकी विद्यापीठात शिकलेल्या मराठी संशोधकाच्या प्रतिपादनाची दुसऱ्या अमेरिकी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी संशोधकाने केलेली ही चिकित्सा जातीच्या दोन टोकांवरून झालेली आहे, आणि तरीही तिची भाषा सर्वस्वी युक्तिवादाची आहे. मुंबई इलाख्यात १९१६ मध्ये या दोघांना एका टेबलाशी बसवून असा संवाद घडविणारी संस्था शोधूनही सापडली नसती.

निबंधाचा शेवटही लक्षणीय आहे. आपली मते अंतिम नाहीत, ती दिशा दाखविण्यासाठी मांडली आहेत, आणि ती टिकत नाहीत असे सिद्ध झाल्यास आपण ती सोडून देऊ, अशा आशयाचे निवेदन आंबेडकर करतात. यास शिष्टाचाराचा विनय म्हणून बाजूस सारता येईल. परंतु ज्या मनुष्याला स्वदेशात वर्गाच्या कोपऱ्यात बसावे लागले होते, तो येथे आपल्या आयुष्याशी सर्वांत निकट असलेल्या विषयावर एक उपपत्ती मांडतो आणि ती खोडून काढण्याचे निमंत्रण देतो. हे निमंत्रण समान पातळीवर बसलेल्यांनाच देता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या निबंधाचा आत्मविश्वास आणि त्याची मोकळीक या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी आहे.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही त्यांना तसाच अनुभव आला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथास त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच लेखकाच्या बऱ्याच युक्तिवादांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर आपला मतभेद छापावा आणि विद्यार्थ्याने तो छापू द्यावा, हा प्रसंग आपल्या शोधप्रबंधांच्या ऋणनिर्देशांच्या पार्श्वभूमीवर वाचून पाहावा.

मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसंबंधी १९२०च्या दशकात विचार चालू असताना आंबेडकरांनी जी मते मांडली, त्यांतही हा अनुभव डोकावतो. १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ दीर्घकाळ मुख्यतः परीक्षा घेणारी आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारी संस्था होती. अध्यापन आणि संशोधन यांची फारकत केल्यास संशोधनच दुबळे होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुण्यातील मंडळ

परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठात संशोधकांची बैठक भरण्यास जागा नव्हती. ती भरली विद्यापीठाबाहेर. वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या पुढाकाराने ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी बारा वर्षे, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला होता. त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत बखरींची आणि ग्रँट डफच्या लेखनाची त्यांनी घेतलेली झाडाझडती रांके यांच्या अभ्यासिकेत सहज शोभली असती. मंडळाच्या सभांतून सभासद आपली टिपणे वाचीत, नवे सापडलेले कागद दाखवीत, त्यांवर वाद होत. यांतील लेखन मंडळाच्या इतिवृत्तांतून आणि पुढे त्रैमासिकातून छापले जाई. यांतील अनेकांना संशोधनाची पदवी नव्हती. ग. ह. खरे यांचे महाविद्यालयीन शिक्षण तर असहकाराच्या चळवळीत सुटले होते. तरीही शिलालेख, ताम्रपट, मूर्तिशास्त्र आणि फार्सी साधने यांत त्यांनी मिळविलेला अधिकार सर्वमान्य झाला. नवोदितांसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘संशोधकाचा मित्र’ असे आहे.

मंडळाला आदर्श ठरविण्याचे कारण नाही. राजवाड्यांचा स्वभाव तिखट होता, वाद अनेकदा व्यक्तिगत होत, आणि सभासदवर्ग बहुतांशी पुण्यातील एका विशिष्ट सामाजिक थरातला होता. बाल्टिमोरच्या टेबलाची मर्यादा येथे वेगळ्या रूपात दिसते. पण पदवीचे आमिष नसताना माणसे एकमेकांचे कच्चे लेखन ऐकण्यास जमत होती, हे नाकारता येत नाही. ज्यांना जमणे शक्य नव्हते त्यांनी टपालाचा आधार घेतला. गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांचा दीर्घ पत्रव्यवहार हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेत येथे राहत असताना सरकार तेथे येऊन मुक्काम करीत, आणि पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांमागे या मैत्रीचे बळ होते.

विद्यापीठांत पीएच.डी.ची पदवी रुजली तेव्हा मात्र ही बैठक तिच्यासोबत आली नाही. आली ती मार्गदर्शकाची सही.

सहामाही हजेरी आणि शनिवारची बैठक

अलीकडील नियमावलींनी या उणिवेची दखल घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीने पीएच.डी.साठी अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०१६च्या नियमावलीने संशोधन सल्लागार समितीची तरतूद करून विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर प्रगती मांडावी असे ठरविले. २०२२च्या नियमावलीत हे सादरीकरण प्रत्येक सत्रात करावयाचे आहे. त्याच नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. प्रस्तुत लेखकाने ती पदवी घेतली आहे, त्यामुळे या विधानात थोडी आपुलकी मिसळली असल्यास वाचकांनी समजून घ्यावे. एम.फिल.च्या वर्षात विभागात आम्ही सात जण होतो. प्रबंधिकेचे महत्त्व फार नसेल, पण सात जणांनी वर्षभर एकमेकांची टिपणे वाचली होती. संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांवर नोंदणी केलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचे ते काही महिने संपले की असे सोबती उरत नाहीत. तो नोकरी करतो, सुटीत दप्तरखाना गाठतो, आणि सहा महिन्यांनी समितीपुढे उभा राहतो.

समिती आणि बैठक यांत मूलभूत फरक आहे. समितीपुढे विद्यार्थी जे झाले आहे ते दाखवितो. जे अडले आहे ते लपवितो. त्याचा दोष त्याला देता येणार नाही, कारण समितीच्या अहवालावर त्याची नोंदणी आणि अनेकदा शिष्यवृत्तीही अवलंबून असते. सहा महिने ही मुदतही अशी आहे की तेवढ्या काळात चुकीच्या पायावर संपूर्ण प्रकरण उभे राहू शकते.

याचा अनुभव स्वतःच घेतलेला असल्याने तो सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ मार्गदर्शकांनी आम्हा पाच-सहा विद्यार्थ्यांना महिन्यातून दोन शनिवारी ग्रंथालयाच्या मागील खोलीत बोलावण्यास आरंभ केला. नियम एवढाच की ज्याची पाळी असेल त्याने चार पानांहून अधिक आणू नये, आणि एक मूळ कागद सोबत आणावा. माझी पाळी आली तेव्हा मी नगरकडील एका गावाच्या इनामासंबंधीचा मोडी कागद आणि त्यावर आधारलेली चार पाने नेली. कागदावर शुहूर सन होता. तो मी वहीत ‘खमस सबैन अलफ’ असा उतरून घेतला होता. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार; म्हणून १०७५. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १६७४ येते. राज्याभिषेकाच्या वर्षातील इनामाचा कागद हाती लागला या आनंदात मी त्यावर शिवकालीन ग्रामव्यवस्थेविषयी बरेच काही लिहून टाकले होते. मार्गदर्शकांनी ती पाने त्यापूर्वी एकदा पाहिली होती आणि भाषेच्या दुरुस्त्या सुचविल्या होत्या.

वाचन अर्ध्यावर आले असता शिंद्यांच्या जहागिरीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात शिंद्यांकडील वाट्याचा उल्लेख आहे. १६७४ मध्ये तो कसा?” खोलीत क्षणभर शांतता पसरली. राणोजी शिंद्यांचा उदय पहिल्या बाजीरावाच्या काळातला. कागदाची छायाप्रत टेबलाच्या मध्ये घेतली गेली आणि सगळे तिच्यावर वाकले. ‘सबैन’ आणि ‘अलफ’ यांच्यामध्ये, घडीच्या रेषेवर, पुसट झालेला ‘मया’ हा शब्द होता. मया म्हणजे शंभर. सन १०७५ नव्हे, ११७५, म्हणजे इ. स. १७७४. शंभर वर्षांची चूक एका घडीत दडली होती.

ती चूक मार्गदर्शकांच्या लक्षात आली नाही यात त्यांचा कमीपणा नव्हता. त्यांनी पाने पाहिली होती, कागद पाहिला नव्हता, आणि शिंद्यांचा अभ्यास हा त्यांचा विषयही नव्हता. तसे त्यांनी त्याच बैठकीत मोकळेपणाने सांगितले. माझ्या दृष्टीने त्या दुपारची खरी घटना ती होती. मार्गदर्शक टेबलाच्या एका बाजूस बसलेले एक वाचक झाले, आणि त्यानंतर आम्ही आपापले अडलेले कागद न लाजता आणू लागलो. ही चूक सल्लागार समितीपुढे उघड झाली असती तर ‘प्रगती असमाधानकारक’ असा शेरा मिळाला असता. प्रबंध सादर झाल्यावर उघड झाली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

आरंभी ही बैठक सायंकाळी पाचला भरत असे, कारण सर्वांचे तास तोपर्यंत संपत. दोन महिन्यांत लक्षात आले की दोन विद्यार्थिनी नेहमी चर्चा रंगात येते तेव्हाच उठतात. त्यांच्या तालुक्याला जाणारी शेवटची एस.टी. साडेसहाला सुटत असे. बैठक सकाळी अकराला हलविली, तेव्हा दोघा पुरुष सदस्यांना रजा टाकावी लागू लागली आणि त्यांनी थोडी कुरकुर केली. शिंद्यांच्या वाट्याविषयी विचारणारी विद्यार्थिनी त्या एस.टी.नेच जाणारी होती. वेळ बदलली नसती, तर माझा कागद आजही १६७४ चाच राहिला असता.

आयोगाच्या नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. एका टेबलाभोवती बसण्यास एवढी संख्या पुरेशी आहे, आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांची केंद्रे एकत्र आली तर ती चांगलीच भरते. यासाठी निधी लागत नाही, फलक लागत नाही. अडचण आहे ती वेगळीच. या बैठकीची नोंद शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात नेमक्या कोणत्या रकान्यात करावी, हे आमच्या केंद्रात अजून कोणालाच सांगता आलेले नाही. दोन दिवसांच्या चर्चासत्राचे गुण मिळतात. वर्षातील चोवीस शनिवारांचे मिळत नाहीत. तरुण शिक्षकांनी या कामात वेळ घालवावा अशी अपेक्षा असेल, तर विद्यापीठांनी या बैठकींची साधी नोंदवही मान्य करावी. कोण आले, कोणी काय वाचले आणि काय दुरुस्त झाले, एवढेच तीत असावे.

प्रस्तुत लेखाचा मसुदाही त्याच टेबलावर वाचला गेला. रांके यांच्यावरील मजकूर लांबला आहे आणि मोनो यांचा परिच्छेद काढून टाकावा, असे दोघांचे मत पडले. रांके यांच्यावरील एक परिच्छेद काढला. मोनो यांच्याविषयीची दोन वाक्ये मात्र, बहुमत विरोधात असूनही, ठेवली आहेत.